आलूचे धिरडे आणि जर्मनांचे पुफर



पुस्तकात 'बटाटा' असा शब्द आला की आपल्याकडचा माणूस मनातल्या मनात 'आलू' असे म्हणतो आणि पुढे वाचतो. ते बरोबरच आहे. बटाटा म्हणजेच आलू. बटाटा हा शब्द पोर्तुगीज लोकांबरोबर आला. म्हणून गोवा, कोकण, पुणे, मुंबई इकडे बटाटा म्हणतात. आपण वर्धेचे लोक नागपूरच्या आणि हिंदी मुलखाच्या जवळचे. आपल्या तोंडी आलू बसला. या धड्यात आम्ही आलूच म्हणणार आहोत.

आज आपल्याला आलूचे धिरडे शिकायचे आहे. तुम्ही म्हणाल, यात शिकण्यासारखे काय? बेसनाचे धिरडे, ज्वारीचे धिरडे आपल्या घरी रोज होते. उपासाला आलूचा कीस होतो. आलू उकडून, साबुदाणा घालून थालीपीठही होते. हे सगळे खरे. पण आज सांगायचे ते धिरडे कच्चा आलू किसून करतात. ते कीस आणि थालीपीठ यांच्या मधले आहे. बाहेरून कुरकुरीत, आतून मऊ. जर्मनी देशात हा पदार्थ घरोघर करतात. त्याला ते कार्टोफेलपुफर म्हणतात. कार्टोफेल म्हणजे आलू. ऱ्हाईन नदीच्या काठचे लोक त्यालाच रायबेकूखन म्हणतात. त्याचा अर्थ किसून केलेली पोळी असा धरायला हरकत नाही. नाव मोठे आहे. ते पाठ केले नाही तरी चालेल. धिरडे जमले पाहिजे.

आता हा आलू जर्मनीत कसा पोचला ते थोडे वाचू. आलूचे मूळ घर जर्मनी नव्हे आणि आपला देशही नव्हे. दक्षिण अमेरिकेत अँडीज नावाचे उंच डोंगर आहेत. पेरू आणि बोलिव्हिया हे देश तिथे आहेत. तिथले शेतकरी हजारो वर्षांपासून आलू पिकवीत आले. सोळाव्या शतकात स्पेनचे लोक तिथे गेले. त्यांनी आलू युरोपात नेला. युरोपच्या शेतकऱ्यांना तो प्रथम मुळीच आवडला नाही. जमिनीखाली वाढणारी ही गाठ माणसाने खावी की डुकराला घालावी, असा त्यांना प्रश्न पडला. जर्मनीतील प्रशिया राज्याचा राजा दुसरा फ्रेडरिक याने १७५६ साली आपल्या अधिकाऱ्यांना हुकूम काढला, की शेतकऱ्यांना आलू लावायला शिकवा. त्याच वर्षी मोठे युद्ध सुरू झाले आणि ते सात वर्षे चालले. सैन्य गावावरून गेले की उभे धान्य तुडवले जाई, कोठारे लुटली जात. आलू मात्र जमिनीत दडून राही. तेव्हा लोकांना त्याची किंमत कळली. पुढे १७७८ साली प्रशिया आणि ऑस्ट्रिया यांचे सैन्य समोरासमोर आले. लढाई थोडी झाली आणि शिपाई दाणापाण्यासाठी आलू शोधीत फिरले. त्या युद्धाला जर्मन लोक आजही गमतीने आलूचे युद्ध म्हणतात. फ्रेडरिक राजाची कबर पोट्सडाम या गावी आहे. तिथे जाणारे लोक फुलांबरोबर आलूही ठेवतात.

याच आलूची दुसरी गोष्ट दुःखाची आहे. आयर्लंड देशातील गरीब शेतकरी जवळजवळ आलूवरच जगत. बहुतेकांचे वाणही एकच. १८४५ साली त्यावर करपा रोग पडला. शेतेच्या शेते काळी पडली आणि सडली. पुढच्या चार-पाच वर्षांत सुमारे दहा लाख माणसे भुकेने आणि रोगराईने मेली. तितकीच किंवा जास्त देश सोडून गेली. एकाच पिकावर सगळे घर टाकले की काय होते, हे आपल्या कापूसवाल्या शेतकऱ्याला वेगळे सांगायला नको. ज्या वर्षी बोंडअळी येते त्या वर्षी तो ते भोगतोच. असो. आपण चुलीकडे वळू.

आपल्या जिल्ह्यात कापूस, सोयाबीन, तूर ही मोठी पिके. आलू लावणारे थोडे. महाराष्ट्रात पुणे जिल्ह्यात, आंबेगाव तालुक्याच्या सातगाव पठारावर पावसाळी आलू होतो. साताऱ्याकडेही होतो. देशात सगळ्यांत जास्त आलू उत्तर प्रदेशात पिकतो. आपल्या आठवडी बाजारातला पुष्कळ आलू असा दुरून, गाडीत बसून येतो. फेब्रुवारी-मार्चमध्ये तिकडे नवा आलू निघतो. तेव्हा तो स्वस्त असतो. नंतर तो शीतगृहात, म्हणजे थंड कोठारात, जातो आणि वर्षभर थोडा थोडा बाहेर येतो.

हे कशासाठी सांगितले? नवा आलू आणि शीतगृहातला आलू तव्यावर वेगळे वागतात. आलूत पिठूळ सत्त्व असते. आलू फार थंडीत राहिला की त्यातील काही सत्त्वाची साखर होते. असा आलू तळला की लवकर काळपट होतो आणि चवीला गोडसर लागतो. म्हणून घरी आलू फ्रिजमध्ये ठेवू नये. टोपलीत, अंधाऱ्या आणि वारा खेळत्या जागी ठेवावा. कोठारातला आलू आणला असेल तर तो आठवडाभर घरात तसाच राहू द्यावा. मग धिरडे चांगले होते. ज्याची साल फार पातळ आहे, नखाने निघते, असा अगदी कोवळा आलू पाणी फार सोडतो. तो भाजीला बरा. धिरड्याला जून, कोरडा आलू घ्यावा.

आणखी एक गोष्ट नीट वाचा. घरातल्या सगळ्यांना वाचून दाखवा. हिरवा आलू खाऊ नये. आलूवर ऊन किंवा उजेड पडला की त्याची साल हिरवी होते. त्या हिरव्या भागात आणि कोंबांत एक विष तयार होते. त्याला सोलॅनिन म्हणतात. ते शिजवून जात नाही, तळूनही जात नाही. पोटात गेले तर मळमळ, उलट्या, पोटदुखी, जुलाब आणि डोकेदुखी होते. लहान मुलांना थोड्यानेही त्रास होतो. "फेकायचं कायले, पैशे देले ना!" असे आमच्या वर्गातील एक बाई म्हणाल्या. पैसे दिले हे खरे. पण त्याच पैशांचे दुखणे विकत घ्यायचे काय? लहानसा हिरवा डाग असेल तर तो जाड कापून काढावा. कोंबाचा डोळा खोल खणून काढावा. आलू बराच हिरवा असेल, सुरकुतला असेल किंवा कडू लागत असेल तर तो टाकून द्यावा. बैलालाही घालू नये.

आता साहित्य. पाच माणसांना पुरेल इतके आम्ही सांगतो. आलू एक किलो. मध्यम कांदे दोन. बेसन, ज्याला आपण चून म्हणतो ते, चार मोठे चमचे सपाट. हिरव्या मिरच्या तीन-चार. मूठभर सांभार. एक लहान चमचा जिरे. मीठ दीड लहान चमचा. तव्यावर सोडायला तेल. जर्मन लोक मिरची, जिरे, सांभार घालत नाहीत. ते दोन अंडी फोडून घालतात, दोन-तीन चमचे गव्हाचे पीठ, कांदा, मीठ आणि मिरपूड घालतात. एवढेच.

अंड्याचे नाव काढले तेव्हा वर्गात कुजबुज झाली. "गुरुजी, आमच्या घरी अंडं चालत नाई. मंग कसं जमन?" आम्ही म्हटले, अंड्याचे काम काय ते आधी समजून घ्या. अंडे कीस धरून ठेवते. गरम झाले की ते घट्ट होते आणि धिरडे तुटू देत नाही. हेच काम चून करते. आलूचे स्वतःचे सत्त्वही करते. ज्यांच्याकडे अंडे चालते त्यांनी एक अंडे जरूर घालावे. पोरांच्या पोटात चांगला आहार जाईल. ज्यांच्याकडे चालत नाही त्यांनी चून घालावे. त्यातही आहार आहेच. उपासाला करायचे तर कांदा आणि चून दोन्ही सोडा. शिंगाड्याचे किंवा राजगिऱ्याचे पीठ घ्या, शेंगदाण्याचे कूट दोन चमचे घाला आणि सेंधव मीठ वापरा.

कृती आम्ही आमच्या घरी दोनदा पाहून लिहिली आहे. घरच्या मंडळींनी केले आणि आम्ही कागद-पेन्सिल घेऊन बाजूला बसलो. मंडळी म्हणाल्या, "लिवता काय, किसणी धरा." तेव्हा अर्धे आलू आम्हीच किसले.

आधी आलू धुवा, मग सोला, मग पुन्हा धुवा. कांदा बारीक किसा किंवा चिरा आणि मोठ्या गंजात टाका. आलू त्याच कांद्यावर किसा. का? किसलेल्या आलूला वारा लागला की तो आधी तांबूस आणि मग काळा पडतो. कांद्याच्या रसाने काळेपणा उशिरा येतो. थोडा लिंबाचा रस पिळला तरी चालते. किसणीची मोठी भोके घेतली तर धिरडे जाळीदार आणि कुरकुरीत होते. बारीक घेतली तर मऊ होते. जर्मनीतही यावरून घराघरात वाद आहे. आम्हाला मोठ्या भोकांचे आवडले. मात्र शेवटचा तुकडा बोटांसकट किसू नका. तो तुकडा भाजीत टाका.

यानंतरचे काम सगळ्यांत महत्त्वाचे. आलूत शंभर भागांपैकी सुमारे ऐंशी भाग पाणीच असते. हे पाणी काढले नाही तर धिरडे तव्यावर भाजत नाही, उकडते. मग ते लिबलिबीत होते, चिकटते आणि उलटताना तुटते. म्हणून कीस धुतलेल्या सुती फडक्यात घ्या. धोतराचा जुना तुकडा सगळ्यांत चांगला. पुरचुंडी बांधा आणि गंजावर धरून दोन्ही हातांनी पिळा. पहिल्यांदा दमाने, मग जोराने. एक किलो आलूतून पाव लिटरच्या आसपास पाणी सहज निघते.

ते पाणी लगेच फेकू नका. दहा मिनिटे तसेच राहू द्या. वरचे पाणी हळूच ओतून टाका, परसातल्या झाडाला घाला. गंजाच्या तळाशी पांढरे, घट्ट काही बसलेले दिसेल. बोटाने दाबले तर करकर वाजते. हेच आलूचे सत्त्व. ते खरडून पुन्हा कीसात मिसळा. ही युक्ती जर्मन बायकांचीही आहे. हे सत्त्व गरम तव्यावर फुगते आणि खळीसारखे चिकट होते. कपड्याला खळ करताना पीठ कसे घट्ट होते ते तुम्ही पाहिलेच आहे. तसेच इथे होते. ज्याने सत्त्व फेकले त्याला चून जास्त घालावे लागते, आणि मग आलूची चव मागे पडते.

आता चून, मिरची, जिरे, सांभार घाला. मीठ अगदी शेवटी घाला. मिठाने आलू पुन्हा पाणी सोडतो. म्हणून मीठ घातल्यावर थांबू नका. तवा तापलेला तयार पाहिजे.

तवा लोखंडी आणि जाड असावा. मध्यम आच ठेवा. तेल दोन चमचे सोडा. तेल तापले की नाही हे पाहायला कीसाचा एक तंतू टाका. तो लगेच चुरचुरला म्हणजे तापले. धूर निघाला म्हणजे फार तापले, आच कमी करा. मूठभर सारण तव्यावर ठेवा आणि सराट्याने दाबून तळहाताएवढे, बोटापेक्षा पातळ पसरा. मोठे धिरडे घालू नका. ते उलटत नाही. एका तव्यावर तीन बसतात. मग हात आवरा. घडीघडी हलवू नका. तीन-चार मिनिटांत कडा तपकिरी दिसू लागतात. तेव्हा सराटा खाली घालून एकदाच उलटा. दुसरी बाजू तीन मिनिटे. आच मोठी केली तर वरून काळे आणि आतून कच्चे राहते. कच्चा आलू पोटाला जड जातो. पहिले धिरडे मोडून पाहा. आत पांढरा, कच्चा कीस दिसला तर आच आणखी कमी करा.

काढलेली धिरडी एकावर एक ठेवू नका. वाफेने मऊ पडतात. चाळणीवर किंवा टोपलीत पसरून ठेवा. एक किलोत पंधरा-सोळा होतात. माणशी तीन येतात.

तेलाजवळ काम आहे म्हणून दोन शब्द. कीस ओला राहिला तर गरम तेल उडते. लहान मुलांना चुलीपासून दूर बसवा. तेलाने पेट घेतला तर पाणी मुळीच ओतू नका. भडका उडतो. गॅस बंद करा आणि वरून झाकण ठेवा. कोणी भाजले तर भाजलेला भाग साध्या वाहत्या पाण्याखाली वीस मिनिटे धरा. वीस मिनिटे म्हणजे घड्याळ पाहून वीस. बांगड्या, अंगठी लगेच काढा, कारण सूज येते. आमच्या पाहण्यात एका घरी मुलीच्या हातावर तेल उडाले. घरच्यांनी घाईने दात घासायची पेस्ट फासली. डॉक्टरांना ती पेस्ट खरडून काढावी लागली आणि मुलीने दुप्पट दुःख सोसले. पेस्ट, शाई, हळद, तूप काही लावू नका. स्वच्छ फडके झाका. चेहरा भाजला, तळहात भाजला, मोठा फोड आला किंवा लहान मूल भाजले तर १०८ या क्रमांकावर फोन करा आणि दवाखान्यात न्या.

जर्मन लोक ही धिरडी सफरचंदाच्या गोड मुरंब्याबरोबर खातात. आलू खारट, मुरंबा आंबटगोड. प्रथम ऐकताना विचित्र वाटते. पण आपणही थालीपीठाबरोबर लोणचे आणि गूळ खातोच की! सफरचंद महाग. आपल्याकडे मार्चपासून कैरी येते. कैरीचा मेथांबा करा. तो याच्याबरोबर फार छान लागतो. नाही तर दही आणि जवसाची चटणी. ज्यांना साखरेचा आजार आहे त्यांनी मात्र धिरडी पोळी-भाताबरोबर खाऊ नयेत. पोळी-भाताच्या जागी खावीत, एक-दोनच, आणि सोबत दही, काकडी घ्यावी. आलूने रक्तातील साखर लवकर वाढते.

आता हिशेब. आमच्या वर्गातील एका बाईंनी ठरवले की सेलूच्या आठवडी बाजारात आलूच्या धिरड्यांचे दुकान मांडायचे. नवरा गेलेला, दोन मुले शाळेत. पहिल्या बाजारी सगळी धिरडी संपली. त्या खुशीत आल्या. आम्ही म्हटले, "बाई, आता लिहायला येते ना? मग लिहा." समजुतीसाठी गोल भाव धरून आम्ही फळ्यावर हिशेब मांडला. आलू पाच किलो, २० रुपयांप्रमाणे १०० रुपये. चून अर्धा किलो, ५० रुपये. कांदे एक किलो, ३० रुपये. मिरची, सांभार, जिरे, मीठ मिळून ३० रुपये. गॅसचा अंदाज ५० रुपये. तेल एक लिटर, १४० रुपये. बेरीज ४०० रुपये. धिरडी झाली ७५. तीन धिरड्यांची एक प्लेट, म्हणजे प्लेटा २५. वीस रुपयांप्रमाणे आले ५०० रुपये. राहिले १०० रुपये. त्यातून ऑटोचे जाण्यायेण्याचे ४० रुपये आणि कागदी प्लेटांचे २५ रुपये गेले. हाती उरले ३५ रुपये. पहाटेपासून रात्रीपर्यंतच्या कष्टाचे पस्तीस रुपये!

बाई बराच वेळ फळ्याकडे पाहत राहिल्या. मग उठल्या आणि तेलाच्या आकड्यावर बोट ठेवले. "हेच खाऊन राह्यलं सारं." अगदी बरोबर. सगळ्यांत मोठा आकडा तेलाचा होता. त्या कढईत भरपूर तेल घालून तळत होत्या. पुढच्या बाजारी त्यांनी मोठा तवा घेतला. कीस जास्त घट्ट पिळला, त्यामुळे तेल कमी लागले. अर्ध्या लिटरमध्ये काम झाले. ७० रुपये वाचले. कागदी प्लेटांऐवजी पळसाच्या पानांचे द्रोण घरीच लावले. आता त्यांच्या वहीत दर बाजाराचे एक पान असते. डाव्या बाजूला खर्च, उजव्या बाजूला जमा.

तुमच्या वहीतही असे एक पान करा. समजा, आलू ३० रुपये किलो झाला. तेल अर्धा लिटरच लागले. द्रोण घरचे आहेत, ऑटोचे भाडे तेच आहे. बाकीचे भावही तेच धरा. पंचवीस प्लेटा वीस रुपयांप्रमाणे विकल्या, तर बाईंच्या हाती किती उरले ते लिहून काढा.